काय, किती, केव्हा

"घरात विष काय काय आहे?"

जळगावात ज्यांच्या घरी आम्ही सहा वर्षं भाड्याने राहिलो, त्या आबांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. टांग्यातून सामान उतरत होतं. सासूबाई देवांची पेटी मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या आणि त्यांचं लाडकं कुत्रं, ढब्बू, टांग्याच्या चाकाचा वास घेत होतं. माझं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

"विष कशाला असेल, आबा? आम्ही साधी माणसं."

"साध्या माणसांकडेच असतं," आबा म्हणाले. "राजाकडे कोठीवाला असतो. तो कुलूप लावतो."

तासाभराने ते परत आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसले. सासूबाईंचं सोवळं कडक, तेव्हा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. मला मात्र एकेक डबा, एकेक बाटली नाव घेऊन बाहेर आणायला लावली. घासलेट, फिनेल, कपड्यांचा सोडा, ढेकणांचं औषध, काड्यांचा पुडा, धोब्याच्या खुणेचे बिब्बे, सासूबाईंची मशेरी. गुडघ्याला चोळायचं तेलही त्यांनी त्यातच धरलं. शेवटी देवघरातल्या परडीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती पिवळी कण्हेर. शंकराला चालते, शेळीला चालत नाही. फुलं सुकली की अंगणात टाकू नका, पुरा."

नऊ वस्तू निघाल्या. मी सासरी येताना ट्रंकेतल्या भांड्यांची यादी करून आणली होती, पण ही यादी मला कधी सुचली नव्हती. त्या रात्रीच मी ती एका कागदावर उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. आजही माझ्या कपाटाच्या आत तसा कागद असतो. नावं बदलत गेली, कागद राहिला.

आबा धुळ्याकडच्या एका खेड्यातले. तीस वर्षं त्यांनी गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं होतं. नोकरी संपल्यावर जळगावात येऊन त्यांनी एका ओळीत चार बिऱ्हाडांचं घर बांधलं आणि शेवटच्या खोलीत स्वतः एकटे राहिले. दवाखान्याचा पांढरा कोट त्यांनी सोडला नव्हता. दोन खिशांत दोन घड्याळं. एक बंद पडलं तर, म्हणून. बोलणं आमच्यासारखंच, पण घाईत किंवा रागात असले की गावाकडची बोली मध्येच डोकवायची.

असा माणूस मुक्या प्राण्यांवर जीव टाकत असेल असं कुणालाही वाटेल. आबांना कुत्री आवडत नसत, मांजरं तर मुळीच नाही. आमचा ढब्बू शेपूट हलवत जवळ गेला की ते पाय वर घेऊन बसत. एकदा मी कारण विचारलं.

"गुरं बरी. आधी हुंगतात, मग खातात, मग बसून रवंथ करतात. कुत्रं आधी खातं. विचार त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी करायला लागतो."

"मग तुम्ही कशाला करता?"

"मी करत नाही. तुम्हाला करायला लावतो."

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आबा गल्लीतल्या पाळीव जनावरांचं वजन करत. कोपऱ्यावर एक धान्याचे व्यापारी होते, त्यांच्याकडे पोती तोलायचा मोठा काटा होता. जनावर पोत्यात घालायचं, तोंड बाहेर ठेवायचं आणि काट्याला टांगायचं. व्यापाऱ्याला ते अजिबात पसंत नव्हतं.

"आबा, ज्या काट्यावर दादर ज्वारी तोलतो त्यावर कुत्रं?"

"दादर तोलून कुणाचा जीव वाचला का शेठ? याचा वाचेल. औषध वजनावर द्यायचं असतं, अंदाजावर नही."

मग ते आकडा मोठ्याने वाचत आणि आपल्या खोलीबाहेरच्या पाटीवर खडूने लिहीत. ढब्बू पंधरा शेर एक पाव. शेजारच्या चाचांची शेळी एकवीस शेर. चाचा शिवणकाम करत, आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं बिऱ्हाड. ते मशीन थांबवून हसत म्हणायचे, "आबासाब, मेरा भी वजन करो ना. बीबी बोलती सूख गया."

"तू तोंडानं सांगतोस ना काय खाल्लंस ते. मग पुरे."

"और झूठ बोला तो?"

"म्हणून तर माणसांचं औषध मी कधी दिलं नाही," आबा म्हणाले.

त्यांचे प्रश्न तीनच. काय? किती? केव्हा? जनावर तडफडत असो की नुसतं मलूल असो, ते आल्या आल्या हे तीन प्रश्न विचारत, त्याच क्रमाने. चौथा प्रश्न, म्हणजे कुणी, तो त्यांनी विचारलेला मी ऐकला नाही. लोक आपणहून सांगायला लागायचे, अमक्याच्या पोरानं टाकलं, तमकीनं झाकलं नाही. आबा हात वर करून थांबवत. "ते नंतर. आधी पोटातलं बोला."

एकदा पहिल्या बिऱ्हाडातल्या बाईंचे भाऊ फैजपूरहून आले. केळीच्या बागेला खत म्हणून एरंडीची ढेप घेतली होती, तिचं पोतं त्यांनी सामाईक पडवीत टेकवलं आणि बाजारात गेले. एरंडीचं तेल काढून राहिलेली ही ढेप. दिसायला शेंगदाण्याच्या ढेपेसारखीच. कुत्र्यांना तिचा वास आवडतो आणि पसाभर खाल्ली तरी आतडी सुटतात. पोत्याची शिवण एका कोपऱ्यात उसवलेली होती. आबांनी ते पाहिलं. दुसरा कुणी असता तर त्याने पोतं उचलून खोलीत टाकलं असतं. आबा म्हणाले, परक्याच्या मालाला हात लावायचा नाही. ते जाऊन त्या उसवलेल्या कोपऱ्यावर बसले. दुपारचं जेवण तिथेच, पोथी तिथेच. आमच्या ह्यांनी कचेरीतून येऊन पाहिलं, म्हणाले, "आबा, सुई-दोरा आणून देऊ का? शिवून टाकू."

"शिवली की उद्या तो परत अशीच आणेल. मला इथं बसलेलं दखू दे त्याला."

दिवे लागायच्या वेळी पाहुणे आले आणि आपल्या पोत्यावर घरमालक बसलेले पाहून ओशाळले. पुढच्या खेपेला त्यांची ढेप कुलूप लावायच्या लाकडी पेटीत आली.

आता ढब्बूची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय आबा पुरे होत नाहीत.

आम्ही आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात उंदीर फार झाले. कणगीतली दादर त्यांनी खालून पोखरली. बाजारात उंदरांसाठी मलमासारखं एक विष डबीत मिळायचं. ते पिठात कालवून गोळ्या करायच्या. आबांची परवानगी घेतली. त्यांचा नियम असा की गोळी उघडी ठेवायची नाही. ती तारेने खिळ्याला बांधायची आणि वर कौल पालथं घालायचं. कारण उंदीर गोळी जागेवर खात नाही, ओढून नेतो आणि वाटेत टाकतो. ठेवताना मोजायच्या, उचलताना मोजायच्या.

मी सकाळचा स्वयंपाक उरकला. शेवटी थोडं बाजरीचं पीठ परातीत राहिलं होतं, त्यात गूळ आणि काडीने ते मलम कालवून बारा गोळ्या वळल्या. तबकात घालून उंबऱ्यापाशी नेल्या. आबांनी बाहेरूनच मोजल्या, "बारा." मी कागदावर बारा लिहिलं आणि गोळ्या पडवीत कौलांखाली तारेला बांधून आले. सगळं शिस्तीत.

मग लक्षात आलं, ढब्बूची चानकी राहिली. घरातल्या सगळ्यांच्या भाकरी झाल्या की शेवटी कुत्र्याची छोटी चानकी करायची, हा सासूबाईंचा नेम. आणि चानकी करताना परातीला चिकटलेलं पीठ कोरड्या पिठाने पुसून, खरवडून त्यातच घ्यायचं. अन्न टाकायचं नाही, परात जवळजवळ कोरडी करूनच घासायला टाकायची. माझ्या आईने तेच शिकवलं होतं, सासूबाईंनीही तेच. दुसरी परात घरात होती. मी घेतली नाही. मूठभर पीठ टाकलं, परात पुसली, खरवडली, मळलं, थापलं. माझं सगळं लक्ष बारा या आकड्यावर होतं. तव्यावर एक वेगळा वास आला, तो मी भाकरी करपल्याचा धरला आणि ती लवकर उतरवली.

दहा वाजता ढब्बूने चानकी खाल्ली. साडेअकराला तो ओट्याखाली जाऊन ओकला, पाणी प्याला, परत ओकला. मग एका अंगावर पडून कण्हायला लागला. मी परातीकडे पाहिलं आणि मला कळलं.

सासूबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्यांना सासरे गेल्यापासून त्या कुत्र्याचीच सोबत होती. रिकाम्या दुपारी त्या त्याच्याशी गप्पा मारत, माझ्याशी मारत नसत त्या. "तूप आण गं," त्या म्हणाल्या. "विष उतरतं तुपानं." मी तूप आणलं. मी तेवढंच केलं.

आबा कोटाची बटणं लावत आले. "तूप थांबवा, अक्का."

"तूप कधी कुणाला बाधलंय?"

"या एकालाच बाधतं. तुपात विरघळून अंगभर जातं ते." आबांनी गुडघे टेकले. ज्याला वजनाखेरीज कधी हात लावला नव्हता त्या कुत्र्याच्या जबड्याशी नाक नेलं. "लसूण."

"चातुर्मास चाललाय," सासूबाई म्हणाल्या. "चार महिने लसूण माझ्या घरात येत नाही."

"लसूण नाही अक्का, त्या मलमाचा वास आहे. काय ते कळलं." त्यांनी घड्याळ काढलं. "किती? केव्हा?"

मी पडवीतली कौलं उचलून पाहिली. बाराच्या बारा गोळ्या तारेला होत्या. हे मी मोठ्याने सांगितलं, आणि ते सांगताना मला बरं वाटलं, याची मला आजही शरम वाटते.

चाचा सायकल घेऊन गुरांच्या डॉक्टरांना आणायला गेले होते. ते घामाघूम होऊन परत आले. "डाक्टरसाब पहूर गये. जानवरों की बीमारी चली उधर. शाम तक नहीं आते."

आबांनी आपल्या खोलीतून मोरचूद आणलं. ज्वारीच्या बियाण्याला काणी लागू नये म्हणून शेतकरी वापरतात ते निळे खडे. त्या विषावर तेव्हा दवाखान्यात तेच देत. प्रमाण मी इथे लिहीत नाही, कारण मोरचूदही विषच आहे आणि ते घरच्या घरी कुणी करू नये. आबाही म्हणाले, "पोटात किती गेलं ते कळल्याशिवाय हे किती द्यायचं ते ठरत नाही. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर यानंच जाईल. किती? केव्हा?"

आबा कुणाकडे पाहत नव्हते, कुत्र्याकडे पाहत होते.

मग सासूबाई बोलल्या. हळू, पण ऐकू जाईल असं. "शेजारून आलं असणार. त्यांच्या शेळीच्या आंबोणात हा तोंड घालायचा, तिला ते खपत नव्हतं."

'ती' म्हणजे चाचांची बायको. ती दारात डोक्यावरचा पदर धरून उभी होती. सायकल भिंतीला टेकवून चाचा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. त्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने चिकटली होती.

आबांनी तिसऱ्यांदा विचारलं. त्याच आवाजात. "किती? केव्हा?"

"दहा वाजता," मी म्हटलं. "मीच. परात पुसून चानकीत घेतली. एवढी चानकी. सगळी खाल्ली त्यानं."

"परातीला किती होतं?"

"सुपारीएवढं. थोडं कमीच."

"भाजली कशी होती?"

"कच्चीच होती जरा."

"बरं," आबा म्हणाले. पाटीवरचं वजन त्यांना पाठ होतं. वाटीत मोजून पाणी घेतलं, मोजून खडा विरघळवला. चाचांनी जबडा धरला, आबांनी गालाच्या फटीतून थोडं थोडं सोडलं. मान वर करू दिली नाही, श्वासनळीत जाईल म्हणून. ढब्बू दोनदा मोठं ओकला. सासूबाईंनी तुपाची वाटी खाली ठेवली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ढब्बू उठून बसला, शेपूटही हलवलं. सगळी गल्ली खूश झाली. सासूबाईंनी दूध तापवायला घेतलं. आबा एकटे गंभीर.

"हे बरं होणं खोटं शे. या विषाची तशीच चाल आहे. एक-दोन दिवस फसवतं, मग काळजाखालचं यकृत धरतं. आठ दिवस दूध नाही, तूप नाही, तेल नाही. भाताची पेज आणि साखरेचं पाणी. आठ दिवसांनी मी सांगेन."

सासूबाईंसारख्या बाईला हे फार कठीण होतं. आजाऱ्याला दूध-तूप घालायचं नाही, म्हणजे मग करायचं काय? दोनदा मी त्यांना दुधाची वाटी हातात घेऊन ओट्याकडे जाताना पाहिलं. दोन्ही वेळा त्या उंबऱ्यातून परतल्या. मी दाराला कागद लावला होता. पाणी किती वाजता, पेज किती, ओकारी, लघवीचा रंग. आबा रोज अकराला येऊन तो वाचत आणि मान हलवून जात. चौथ्या दिवशी ढब्बूचे डोळे पिवळे झाले. पाचव्या दिवशी त्याने मान उचलली नाही. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, मीही नाही. एका स्वयंपाकघरात दोन बायका, आणि नऊ दिवस त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

सहाव्या दिवशी दुपारी त्याने पेज मागितली. नवव्या दिवशी आबा कागद वाचायला वाकले तेव्हा तो त्यांच्यावर भुंकला. आबांनी त्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि उठले. "बठ्ठं ठीक शे. आता दूध द्या, थोडं थोडं."

त्या संध्याकाळी सासूबाई पहिल्यांदा चाचांच्या दारात गेल्या. ओंजळभर दादर नेली होती, ती शेळीपुढे टाकली आणि ती खाऊन होईपर्यंत तिथे उभ्या राहिल्या. चाचांच्या बायकोने पाट आणून दिला, त्यावर त्या घटकाभर बसल्यासुद्धा. परत आल्यावर मला म्हणाल्या, "ती परात मोडीत काढ. घरात नको." नऊ दिवसांनंतरचे ते पहिले शब्द.

पुढे बरीच वर्षं त्यांनी हा किस्सा हळदीकुंकवाला, मंगळागौरीला, कुठेही सांगितला. "आमच्या सूनबाईंनी माझ्या कुत्र्याला विष घातलं होतं." बायका माझ्याकडे बघायच्या. मग त्या म्हणायच्या, "आणि सांगितलंही तिनंच." या दोन वाक्यांत त्या नेहमी थोडं थांबायच्या. ते थांबणं मला चुकलं नाही कधी. ढब्बू त्यानंतर चार वर्षं जगला आणि म्हातारपणाने गेला.

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास आमची धुळ्याला बदली झाली. निघायच्या सकाळी आबा ओट्यावर उभे होते. टांग्यात ट्रंका चढत होत्या. मी पाया पडले. इतकी वर्षं मनात असलेलं मी तेव्हा विचारलं. "आबा, त्या दिवशी मी पाव तास गप्प राहिले. तुम्हाला काही शंका आली नव्हती?"

"शंका कशाला? तुझ्या हातांनाही तोच वास होता. तू कौलं उचलायला वाकलीस तेव्हाच आला."

"मग बोलला का नाहीत? चाचींवर आळ येत होता. ढब्बू तिकडे मरत होता."

"वासावरून कोण ते कळतं पोरी, किती ते नाही कळत. ते तुझ्याकडेच होतं. मी तुझ्याकडे बोट केलं असतं तर सासूसमोर तू नाही म्हणाली असतीस. आणि एकदा नाही म्हटलं की माणूस त्या नाहीला धरून बसतं. मग मला आकडा कुणी दिला असता?"

"आणि मी बोललेच नसते तर?"

"तर कुत्रं मेलं असतं," आबा म्हणाले. मग हमालाकडे वळून त्याला ट्रंक आडवी नको, उभी ठेव, असं सांगायला लागले.